वाचा अन् पुसा

लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि बायको जाऊन सव्वा वर्ष, तेव्हा कुठं सुग्रीवने तिचं खरं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मे महिन्यातला गुरुवार होता, सकाळच्या चहाची वेळ. नाव घेणारी पोरगी वीस वर्षांची होती. तिच्या हातात दोन्ही कडांना भोकं पाडलेला लांबलचक कागद होता आणि ती हसत होती. सगळेच हसत होते. दिनकररावांनीच तिला सांगितलं होतं की वाच, मोठ्यानं वाच, म्हणजे या लोकांना जरा लाज वाटेल. तिने वाचलं, "टर्मिनल एक, दिनकरराव साहेब, गाडीचा नंबर." हशा. "टर्मिनल दोन, बन्सीधर काका, पोराचं नाव, पुढं एक दोन तीन." पुन्हा हशा. बन्सीधर म्हणाला, "एक दोन तीन तर लावलं की वर, अजून काय भिंत बांधू?" मग तिने कागद थोडा वर ओढला आणि म्हणाली, "टर्मिनल चार, सुग्रीवमामा, वच्छला." सुग्रीवच्या हातात बशी होती. बशीतला चहा हलला नाही, सांडला नाही. त्याला फक्त एवढं कळलं की आत्ता काहीतरी झालं, आणि ते बाकी कुणाला कळलेलं नाही. मग बन्सीधर म्हणाला, "मामा, ही कोण हो? काकूंचं नाव तर कमलबाई व्हतं. दहाव्याला पत्रिकेवर मीच वाचलंय." कुणीतरी शिट्टी मारली. "छुपे रुस्तम निघालाव की मामा!" पोरीचं हसू हळूहळू उतरलं. दिनकरराव म्हणाले, "पुरे आता. सोमवारपर्यंत सगळ्यांनी यंत्रात शिरायचा आपापला शब्द बदलायचा. बायकापोरांची नावं बंद. बाहेरवालींची पण बंद." यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. सुग्रीवने बशी खाली ठेवली, दार उघडलं, जिना उतरला आणि रस्त्यावर आला. पाय भाजले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की चपला वरच राहिल्या.

चपला वर राहण्याचं कारण असं की कंपनीत चपला बाहेर काढूनच जावं लागे. स्टेशन रोडला कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत मोठं यंत्र, त्याला धूळ चालत नाही, उष्णता चालत नाही. परभणीत मे महिन्यात माणसाला चालते ती उष्णता यंत्राला चालत नव्हती. त्याच्यासाठी थंड हवेची पेटी होती, वीज गेली की खाली जनरेटर होता. यंत्राला तारा लावून पडदा आणि कळा असलेली सहा टर्मिनलं जोडलेली, चार नंबर सुग्रीवचं. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून त्याची वीस वर्षं गेली, जिनिंग बंद पडलं, मग पुण्याहून शिकून आलेल्या दिनकररावांनी ही कंपनी काढली आणि टायपिंग येतं म्हणून त्याला घेतलं. काम याद्यांचं. साखर कारखान्यांच्या ऊसतोडीच्या टोळ्या, रेशनकार्डं, असं काय काय. यंदा पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की याद्यांमध्ये बाहेरच्या माणसाला हात घालता येऊ नये, याची खात्री द्या. म्हणून दिनकररावांनी औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दोन महिन्यांच्या ट्रेनिंगवर ही पोरगी आणली होती. नाव मनकर्णा. चुडाव्याच्या शेतकऱ्याची मुलगी, आजीचं नाव ठेवलेली. पहिल्या दिवशी बन्सीधरने तिला विचारलं होतं, "पोरी, तू करणार काय?" ती म्हणाली, "तुमच्या दाराला कडी किती घट्ट हाय ते बघणार. बाहेरून उघडून बघायचं." "म्हंजे तू चोर का पोलीस?" "दोन महिने चोर. पगार न्हाई म्हणून चोरच." सुग्रीवला ती तेव्हाच आवडली होती. आता तीच आत शिरली होती, आणि तिच्या हाताला जे लागलं होतं ते बाहेर आणून चहाच्या टेबलावर ठेवलं होतं.

तो परत वर गेला, चपला घातल्या, मग काढल्या, कारण आत जायचं होतं. दिवसभर त्याने काम केलं. बोटं आपोआप चालत होती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिला सांगितलं कुणी? जगात ते नाव माहीत असलेला माणूस एकच राहिला होता आणि तो स्वतः सुग्रीव होता. त्याने कधी ते उच्चारलं नव्हतं. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नाही, हे तर सगळ्यांच्याच घरी. तो तिला 'अगं' म्हणे, मुलगी झाल्यावर 'छबूची आई' म्हणे. कमल हे नावसुद्धा त्याने कागदावर लिहिण्यापुरतंच वापरलं होतं. आणि वच्छला तर कुणाला माहीतच नव्हतं. तिचे आईबाप पटकीत गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. वालूरला मामाने सांभाळलं, सटवाजी त्याचं नाव. तो तिला 'ए पोरी' म्हणे. चौथीपर्यंत शाळेत घातली तेवढं शाळेच्या वहीत तिचं नाव होतं, पुढं शाळाच सुटली. लग्नात सुग्रीवच्या आत्याने ताटात तांदूळ पसरून त्याच्या हातात अंगठी दिली आणि म्हणाली, लिही, कमल. त्याने लिहिलं. ती समोर खाली मान घालून बसली होती. तिला कुणी विचारलं नाही, कुणालाच कुणी विचारत नसे. सटवाजी दोन वर्षांत ऊसतोडीला गेला तो तिकडंच वारला, आणि वालूर संपलं. मग हे नाव या पोरीपर्यंत कुठल्या वाटेनं आलं? आपण झोपेत बोललो का? पण झोपेत बोललेलं ऐकायला घरात कोण आहे? का यंत्रालाच कळलं? सव्वादोन वर्षं रोज सकाळी बोटं तेच दाबत होती. बोटांचं ओझं कुठंतरी उमटत असेल. पाट्यावर रोज वाटलं तर दगडाला खोलगटपणा येतोच की.

ते नाव त्याला सांगितलं होतं तिने एकदाच. लग्न होऊन वरात परत चालली होती, सेलूहून रेल्वेनं चुडाव्याला उतरले, तिथून बैलगाडीनं गाव. बैलगाडी आली नव्हती. मोठी माणसं बघायला गेली, आणि फलाटाच्या टोकाला पत्र्याच्या पेटीजवळ ही दोघंच राहिली. लग्नानंतर दोघंच असण्याची ती पहिली वेळ. बोलायचं काय ते त्याला सुचेना. ऊन होतं, पेटीवर धूळ बसली होती, लांब सिग्नलचा हात वर होता. तो म्हणाला, "तिकडं तुला काय म्हणायचे?" बऱ्याच वेळाने तिने पदराच्या आतून हात काढला आणि बोटानं पेटीवरच्या धुळीत लिहिलं. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, मोठं मोठं. मग म्हणाली, "हे माझं हाय. वाचा अन् पुसा. पुन्ना इचारू नका." त्याने वाचलं आणि तळव्यानं पुसलं. तळव्याला धूळ लागली. ती धूळ कुठं पुसावी ते त्याला कळेना. धोतर नवं होतं. बैलगाडी येईपर्यंत तो मूठ मिटून उभा राहिला. घरी गेल्यावर आईनं पाय धुवायला पाणी दिलं, त्याने आधी हात धुतला, आणि मग उगीच वाटलं की धुवायला नको होता.

टर्मिनल आलं तेव्हा दिनकरराव म्हणाले होते, "प्रत्येकानं एक शब्द ठरवायचा. असा, की जो दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही." सुग्रीवने विचार केला नाही. बोटं गेली आणि त्यांनी टाइप केलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ते तसंच असतं, तो शब्द दाबताना पडद्यावर दिसत नाही, नाहीतर शेजारचा वाचेल. त्याला ते बघून गंमत वाटली होती. लिहिलं आणि लिहिताच पुसलं. तेव्हा ती जिवंत होती. संध्याकाळी घरी गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. म्हणायचं, तुझं नाव रोज सकाळी लिहितो, त्याशिवाय यंत्र दारच उघडत नाही. ती काय म्हणाली असती? "तुमाला काय कामं न्हाईत का?" असं म्हणाली असती. त्या संध्याकाळी पाणी आलं नव्हतं, ती घागरी घेऊन रांगेत उभी होती. दुसऱ्या दिवशी छबू बाळंतपणाला आली. सांगू सांगू म्हणता एक वर्ष गेलं आणि ती आजारी पडली. एवढी एक गोष्ट त्याला कधीकधी दुपारीच आठवे, मग तो उठून पाणी पिऊन येई.

शुक्रवारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा तो मनकर्णाच्या टेबलाजवळ गेला. ती डबा खात होती, ज्वारीची भाकरी आणि कांदा. तो म्हणाला, "पोरी, एक इचारायचं हाय." 'पोरी' हा शब्द तोंडातून निघाला आणि त्याला सटवाजी आठवला, आणि तो पुढचं विसरला. ती म्हणाली, "मामा, मी काल मोठ्यानं वाचायला नको व्हतं का?" तो म्हणाला, "तुझं कामच हाय ते. पण तुला कळलं कसं?" तिने हात पुसले. "मला न्हाई कळलं. यंत्रानं काढलं. लोक काय शब्द ठेवतात? घरातल्यांची नावं. मग मी नावांची एक यादी केली, अन् एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो एकेक नाव घेऊन प्रत्येकाच्या दाराला लावून बघतो. लागलं का? न्हाई. पुढचं. लागलं का? न्हाई. असं हजारो." "अन् नावं कुठून आणली?" ती जरा थांबली, मग हसली. "मामा, तुमीच दिली की. रेशनकार्डाची यादी. परभणी, पाथरी, सेलू. हिवाळ्यात तुमीच टाइप केली ना? त्यातून प्रत्येक नाव एकेकदा घेतलं." सुग्रीव तिच्याकडं बघत राहिला. ती म्हणाली, "तुमचं अक्षर म्हंजे तुमचीच टायपायची पद्धत. तिथं जसं लिहिलं तसंच इथं लिहिलं व्हतं. दुसऱ्यानं लिहिलं असतं तर कदाचित लागलं बी नसतं." म्हणजे किल्ली आपणच पाडून ठेवली होती. त्याने विचारलं, "त्या यादीत ते नाव किती ठिकाणी हाय?" तिने कळा दाबल्या. "एकशे सात बाया हायेत या नावाच्या."

एकशे सात. हिवाळाभर तो नावं टाइप करत होता, आणि ते नाव आलं की बोट क्षणभर थांबायचं, हे त्याला आठवलं. मग पुढं जायचं. एखाद्या गर्दीच्या बाजारात पुढं चाललेल्या बाईची पाठ ओळखीची वाटावी आणि तिने वळल्यावर ती दुसरीच निघावी, तसं. एक तर वालूरचीच होती, वय बावीस. त्या दिवशी त्याचं काम मागं पडलं होतं. ही वच्छला तिथं जन्मलेली असेल, का तिथं नांदायला आलेली? आलेली असेल तर तिचं नाव लग्नात ठेवलेलं असेल. म्हणजे एका पोरीचं नाव काढून घेतलं आणि तिच्या जागी हे दिलं, त्याच गावात, जिथून हे नाव एकदा काढून नेलं होतं. मग त्या पोरीचं आधीचं काय होतं? ते कुठल्या पेटीवर कुणी लिहिलं, कुणी पुसलं? असा विचार करणं म्हणजे उन्हात चालणं. वाट दिसते पण डोळे उघडत नाहीत. मनकर्णा काहीतरी सांगत होती. ती म्हणत होती की एखादं वाक्य घ्या, तुमालाच माहीत असलेलं, कुणीच ऐकलं नसेल असं. त्याच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. असा शब्द कुठल्याच यादीत सापडत न्हाई. "सोमवारी सांगा मामा, मी शिकवते."

संध्याकाळी घरी जाताना शाळेच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेली विद्यापीठाच्या नावाची घोषणा होती, नामांतर झालंच पाहिजे, आणि त्यावरून डांबरानं कुणीतरी फुल्या मारल्या होत्या, आणि फुल्यांवरून पुन्हा कुणीतरी चुन्यानं तेच लिहिलं होतं. दहा-बारा वर्षांत ती भिंत कधी कोरी दिसली नव्हती. ज्या साली पहिल्यांदा हे पेटलं त्या साली तो रजा घेऊन गावी होता. गावकुसाबाहेर घरं जळली. सकाळी अजून धूर निघत होता. गावातली माणसं पारावर गप्प बसली होती, तोही त्यांच्यात बसला होता. काड्या कुणी लावल्या ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, तोही बोलला नाही. घरी आला तर ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटवली नव्हती. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "नावापायी लोकांची घरं जाळायलेत. माझं नाव गेलं तवा कुणी एक काडी बी ओढली न्हाई." ती कुणाच्या बाजूनं बोलली, का कुणाच्याच नाही, ते त्याला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नव्हतं. ती पुढं एवढंच म्हणाली की भाकरी करते, दुरडीभर करते, तिकडं पोरं उपाशी असतील. ती दुरडी घेऊन गेली. तो तिच्याबरोबर गेला नाही.

रविवारी सकाळी दहाच्या एस.टी.नं छबू पाथरीहून आली. पोराला आणलं नव्हतं. आली तशी चुलीशी बसली, पीठ मळायला घेतलं, 'आबा कसे हाव' असं विचारलं नाही. बन्सीधरची सासुरवाडी पाथरीला, छबूच्याच गल्लीत, आणि तो शुक्रवारी संध्याकाळी बायकोला आणायला गेला होता. सुग्रीवच्या ध्यानात आलं, पण उशिरा. छबू काठवटीत पीठ पसरत म्हणाली, "आबा, गल्लीतल्या बाया हसायलेत मला. म्हणायलेत, तुझ्या आबानं यंत्रात बाई ठिवली."

"बन्सीधर येडा हाय," तो म्हणाला.

"नाव व्हतं का न्हाई ते सांगा."

"व्हतं."

छबूचा हात पिठात थांबला. मग तिचा आवाज फुटला. "मी तवाच समजायला पाहिजे व्हतं. दवाखान्यात मी आईजवळ बसले व्हते. दुपारची वेळ, तुमी औषधं आणायला गेल्ता. ती दोनदा म्हनली. वच्छला, वच्छला. मी म्हनलं कोण आई? ती माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं भ्रमात हाय." तिने मनगटानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "तिला माहीत व्हतं, आबा. मरताना तिच्या तोंडात त्या बाईचं नाव व्हतं. अन् तिनं एका शब्दानं तुमाला बोल लावला न्हाई."

सुग्रीव भिंतीला टेकून बसला होता. त्याला बोलायचं होतं आणि तोंड उघडत होतं आणि काही येत नव्हतं. तीस वर्षांत ज्या वाटेनं तो शब्द कधी गेलाच नव्हता, त्या वाटेवर तो अडून बसला होता. आणि त्याच्या मागं दुसरंच उभं होतं, जे तो सव्वा वर्ष मागं सारत होता. नांदेडच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशी नर्स कागद घेऊन आली आणि तिलाच वाकून विचारलं, बाई, नाव काय? आणि ती चांगली शुद्धीत, स्वच्छ आवाजात म्हणाली, वच्छला. नर्सनं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. तेव्हा सुग्रीव पुढं झाला. म्हणाला, "भ्रमात हाय, सिस्टर. कमलबाई लिहा." नर्सनं अक्षर खोडलं. तिने मान वळवून त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. चुडाव्याच्या फलाटावर त्याने पुसलं तेव्हा बघितलं होतं तसंच. मग डोळे मिटले. ती पुढं चार दिवस होती आणि त्या चार दिवसांत त्यावर बोलली नाही. रेशनकार्डावर कमल होतं, बिलावर कमल लागणार होतं, कागद जुळायला नकोत का? असं तो स्वतःला सांगत आला होता. आणि शिवाय तिनेच सांगितलं होतं, पुसा. पण ते तेव्हा सांगितलं होतं. आयुष्यभरासाठी सांगितलं होतं का? शेवटी ती स्वतःहून बोलली होती, मोठ्यानं, लोकांत. आणि आपण पुन्हा तळवा फिरवला.

तो उठून चुलीजवळ गेला, छबूसमोर बसला. काठवटीत कोरडं पीठ पसरलं होतं, भाकरी थापायला. त्याने बोट टेकवलं आणि लिहिलं. अक्षरं मोठी मोठी आली. छबूनं वाचलं. "हेच ना?" ती कडू आवाजात म्हणाली. "ही कोण?"

"तुझी आई."

"आं?"

"लग्नाआधीचं. तिचं सोताचं. वालूरचं." एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. "तिनं मला एकदा लिहून दाखिवलं अन् पुसायला लावलं. दवाखान्यात ती सोताचंच नाव घेत व्हती. मी लिहू दिलं न्हाई."

छबू पिठाकडं बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. ती म्हणाली, "मला कामून सांगितलं न्हाई तिनं?" त्याला माहीत नव्हतं. "मी पोटची पोर तिची. मला बी ठावं न्हाई?" छबू म्हणाली, "आता मी त्या बायांना काय सांगू? माझ्या आईचं नाव हाय म्हणून सांगू?" तो म्हणाला, "तुला वाटंल तसं कर, बाई." मग तिने उजव्या हातानं गोळा घेतला, त्या अक्षरांवरच ठेवला आणि थापायला लागली. गोल गोल फिरवत, नेहमीसारखी. पीठ भाकरीला लागत गेलं. भाकरी तव्यावर गेली, फुगली. तिने ती दोन भागांत मोडली, अर्धी त्याच्या ताटात घातली, अर्धी स्वतः घेतली. दुपारच्या एस.टी.ला बसताना ती खिडकीतून म्हणाली, "बायांना हसायचं तर हसू द्या. मी न्हाई सांगत." हे तिने आईसाठी केलं का रागानं, ते एस.टी. वळून गेली तरी त्याला ठरवता आलं नाही.

सोमवारी सकाळी मनकर्णा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बन्सीधर लांबून म्हणाला, "मामा, आता तरी सांगा, कोण व्हती?" छबूच्या गल्लीतल्या बाया हसत होत्या, छबू तोंड मिटून बसली होती, आणि इथं एका शब्दात सगळं मिटवता आलं असतं. सुग्रीव पडद्याकडं बघत म्हणाला, "व्हती एक." बन्सीधरने टाळी वाजवली. "मानलं मामा!" आणि तो कामाला लागला, कारण त्याला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मनकर्णानं एकदा सुग्रीवकडं बघितलं. म्हणाली, "आधी जुना शब्द टाका. मग नवा, दोनदा." म्हणजे ते एकदा शेवटचं लिहावं लागणार होतं. त्याने सावकाश लिहिलं, एकेक कळ, अशा चालीनं की जणू बैलगाडी यायला अजून वेळ आहे. पडदा कोराच राहिला. मग यंत्रानं नवा शब्द मागितला. त्याने मनात वाक्य म्हटलं. हे माझं हाय, वाचा अन् पुसा, पुन्ना इचारू नका. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर. एकदा. पुन्हा एकदा. यंत्रानं घेतलं. मनकर्णा म्हणाली, "कुठलं वाक्य घेतलं, मामा?" आणि लगेच दोन्ही हात कानांवर ठेवले. "नका सांगू, नका सांगू. मी चोर हाय."

जून लागला. तिच्या ट्रेनिंगचा शेवटचा आठवडा. तिने आणखी एक प्रोग्राम लिहिला होता, कुणी चुकीचा शब्द टाकला की त्याची वेळ आणि टर्मिनलचा नंबर टिपून ठेवणारा. तीनदा लागोपाठ चुकलं तर ते टर्मिनल बंदच पडे, मग दिनकररावांकडं जावं लागे. बन्सीधर दोनदा असा बाहेर राहिला होता. शुक्रवारी ती कागदाची गुंडाळी घेऊन सुग्रीवकडं आली. आता ती मोठ्यानं वाचत नसे, जवळ येऊन बोले.

"मामा, चार नंबरवर रोज सकाळी एक चूक होतेय. नऊ वाजून दहा मिनिटं, नऊ वाजून बारा. आल्या आल्या पहिल्यांदा चूक, दुसऱ्यांदा बरोबर. रोज. शब्द ध्यानात राहत न्हाई का? सोपा करून देऊ?"

सुग्रीवने कागद बघितला. एकाखाली एक ओळी होत्या, रविवार सोडून सगळे दिवस. "काय टाकलं ते दिसतं का ह्यात?"

"न्हाई. चुकलं एवढंच दिसतं."

"त्यानं आता कुठलंच दार उघडत न्हाई ना?"

"कशानं?"

त्याची बोटं जुन्या शब्दाच्या कळांवरून नुसतीच फिरली. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी येत गेलं, ते तिला किती कळलं आणि किती नाही हे सुग्रीवला सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "पोरी, एकदा चुकलं तर चालतं ना? तीनदा न्हाई चालत."

"एकदा चालतं."

"मग चुकू दे."

तिने कानामागची पेन्सिल काढली. तिच्या अहवालात चार नंबरच्या ओळींपुढं कारण लिहायची जागा रिकामी होती. तिथं तिने लिहिलं, कारण माहीत आहे, धोका नाही. मग ती दोन नंबरकडं गेली. सुग्रीवने टाइप करायची यादी पुढं ओढली, काल जिथं थांबला होता तिथं बोट ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं.